कुंपणाच्या आतला आवाज

माझा डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवा अर्धा उरला आहे. वय बेचाळीस. वडवणीच्या आठवडी बाजारात भाजीवाली काय म्हणते ते मी तिच्या ओठांवरून ओळखतो. चुकलो की ती शेजारणीकडे बघून हसते. तिचा मला राग येत नाही. ज्यांचा येतो ते इथून लांब, मोठ्या शहरात राहतात.

त्या शहराच्या विमानतळावर मी अकरा वर्षं माल चढवायचं काम केलं. एका ठेकेदाराकडे. मला तिथं नेलं शिरूर कासारच्या एका मित्रानं. त्याच्या घरची माणसं दरसाल ऊसतोडीला जायची आणि त्याला काही झालं तरी हातात कोयता धरायचा नव्हता. मला म्हणाला, "चल बे, सावलीतलं काम हाय." सावली होती खरी. विमानाच्या पंखाची.

मालाची विमानं बहुतेक जुनी असायची. प्रवाशांनी वर्षानुवर्षं वापरलेली, मग आतल्या खुर्च्या काढून खोकी भरायला ठेवलेली. ती रात्रीच यायची. नवी विमानं आणि ही विमानं यांच्या आवाजात फार फरक. जुन्याचा आवाज कानात येत नसे, दातांत यायचा. पहिल्या महिन्यात मी सकाळी खोलीवर येऊन आडवा झालो की कानात शिट्टी वाजत राहायची. मित्र म्हणाला, "हुईल सवय." सवय झाली म्हणजे कान मरायला लागला, हे आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नाही. ठेकेदार कानात घालायला स्पंजच्या बोळ्यांची एक जोडी द्यायचा, ती हरवली की दुसरी मागायची सोय नव्हती. जाड हेडफोन असत ते इंजिनिअर लोकांना.

विमानतळाच्या भिंतीपलीकडे उंच इमारती झाल्या. तिथल्या लोकांनी तक्रार केली की रात्री झोप लागत नाही. त्यांची तक्रार खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो. दोन-तीन वर्षं त्यांनी नेट लावला आणि नियम झाला : रात्री अकरा ते पहाटे पाच जास्त आवाजाच्या जुन्या विमानांनी उतरायचं नाही, उडायचं नाही. आम्हाला आनंद झाला. वाटलं, आता रात्रपाळी कमी होईल.

झालं उलटं. विमान आता अकराच्या आत उतरायचं आणि पाचपर्यंत आमच्या अंगणात उभं राहायचं. त्याला वीज द्यायची गाडी बहुतेक बंद पडलेली असे, म्हणून त्याच्या शेपटीतलं छोटं इंजिन रात्रभर चालू. त्याच्या खाली सहा तास आम्ही. आधी विमान तासा-दोन तासांत भरून निघून जायचं. आता ते आमच्या डोक्यावर मुक्कामाला.

एके दिवशी संध्याकाळी एक साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. इमारतींच्या गच्चीवर असली यंत्रं बसवली होती, त्यातलं एक विमानतळावरच्या कार्यशाळेत दुरुस्त करून परत न्यायचं होतं. मी जवळ गेलो. म्हणालो, "साहेब, आलात तसं इथंबी मोजा की. विमानाखाली."

ते म्हणाले, "ते आमच्याकडे येत नाही. आमचं काम कुंपणाबाहेरचं."

"मंग आतलं कुणाचं?"

"तुमच्या कंपनीला विचारा."

मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, विमानतळाला विचारा. त्या रात्री मी खोकी इतक्या जोरात आपटली की मुकादम माझ्यावर ओरडला, आणि तो ओरडला हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

त्यानंतरच्या दिवाळीला घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पोरगी कवाची हाका मारायली, तुमी बघंनात." पोरगी पाठीमागंच उभी होती. सहा वर्षांची. तिचा आवाज बारीक आणि मला तो येतच नव्हता. ती रडवेली झाली होती. तिला वाटलं मी रागावलोय.

पुढं वार्षिक आरोग्य तपासणीत मी कानामुळे नापास झालो. ठेकेदाराच्या व्यवस्थापकानं केबिनमध्ये बोलावून कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं की कानाचा त्रास मला नोकरीच्या आधीपासून होता. "सही करा, अनुभवाचं पत्र देतो," तो म्हणाला. माझ्या भरतीच्या वेळचा कान चांगला असल्याचा दाखला त्याच्याच फायलीत होता. मी तो दाखवा म्हणालो. तो म्हणाला, जुन्या फायली गेल्या. मी सही केली नाही. पत्र मिळालं नाही. कामही गेलं.

घरी आल्यावर बीडला सरकारी दवाखान्यात गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. मी बराच वेळ बटण धरून नुसता बसलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. मधेच ती खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेलेली. "हा वयाचा बहिरेपणा नाही," त्या मोठ्यानं आणि सावकाश म्हणाल्या. "मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यावर असं होतं." मी म्हणालो, हे लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं. एवढ्या सगळ्यात कुणी सरळ वागलं असेल तर ती एक बाई.

तो कागद घेऊन मी शहरातल्या कामगार कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, "तिथं एवढा आवाज होता याचा पुरावा आणा." मी विचारलं, तुमच्या खात्यानं कधी मोजला का. तो फाईल बांधत म्हणाला, "तशी तक्रार आली न्हवती." अकरा वर्षं आम्ही तिथं शेकड्यानं राबत होतो, आणि इमारतीतल्यांच्या झोपेसाठी गच्चीवर यंत्रं होती. मी टेबलावर हात आपटला. शिपायानं मला बाहेर नेलं.

परतीच्या एसटीत मला आधी रडू येईल असं वाटलं. आलं नाही. घरी येऊन मी वहीत एकेक आठवून लिहिलं, माझ्या पाळीत कोण कोण होतं. मग बायको फोन लावायची आणि मला ऐकू न आलेलं पुन्हा सांगायची. कडा गावचा एक जण म्हणाला, आपल्याला काय झालं न्हाई. त्याची बायको मागून म्हणाली, टीव्ही केवढ्यानं लावता ते सांगा की. शिरूर कासारच्या मित्राला मी स्वतः बीडला घेऊन गेलो. त्याच्याही कागदावर तोच खड्डा निघाला. तो म्हणाला, "तुला मीच नेलं होतं तिथं." मी म्हणालो, ते सोड, अर्जावर सही कर.

आता त्या पाळीतल्या आम्ही चौघांनी मिळून कामगार कार्यालयात नुकसानभरपाईचा अर्ज केला आहे. दोनदा तारीख पडली, दोन्ही वेळा ठेकेदाराचा माणूस आला नाही. तिसऱ्या तारखेला आम्ही चौघंही जाणार आहोत.