मालूआक्कांची बेसबॉल टीम

मोबाईलवर गेम उघडायच्या आधी मालूआक्का शिट्टी फुंकायच्या. खरी, पितळेची, गळ्यात अडकवलेली. वडगावातल्या आमच्या गल्लीत यंत्रमागांचा कितीही खडखडाट असू दे, ती फुर्रर्र ऐकू यायचीच. पोरं म्हणायची, आली बघा आक्कांची टीम मैदानात.

मैदान कसलं, तळहाताएवढी स्क्रीन! आक्का खो-खो शिकवून रिटायर झालेल्या पीटीच्या बाई. बेसबॉलची बॅट त्यांनी जन्मात धरली नव्हती. मी तरी कुठं धरलीय? या गेममध्ये आपण खेळायचंच नसतं. कोण खेळणार, कोण बसणार एवढं ठरवायचं, मॅच कंप्युटर खेळतो. गणपती मंडळानं त्याची लीग काढली आणि खेळाडूंना गल्लीतल्यांचीच नावं दिली. तिथं घोळ झाला. "मला शेवटी बॅटिंग? मी काय घोडं मारलंय तुमचं?" म्हणून किराणावाल्या कल्लाप्पाअण्णांनी आक्कांशी बोलणंच टाकलं.

मीही लीगमध्ये एक टीम घेतली, पण गेमला नवीन होतो. पहिली मॅच हरलो आणि रागानं अख्खी टीम बदलली. आक्कांनी मोबाईल हिसकावला. "एक धागा तुटला म्हणून साडी फाडत्यात व्हय रं? जरा धा मॅच बघ, मग हात लाव." मग मी चेंडू लांब तडकावणारेच सगळे गडी गोळा केले. "आणि झेलणार कोण? तुझा आज्जा?" हे मी त्यांच्याच आवाजात त्यांना परत म्हणून दाखवलं. नकला हा माझा जुना रोग. आक्का खो खो हसल्या. "आवाज जमलाय. अक्कल कवा येणार?"

त्यांचा खरा कायदा एकच. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, त्याच्या नावापुढं दमाची पट्टी असते. पट्टी लाल झाली की त्याला बसवायचं. हिरवी होईपर्यंत देव आला तरी उठवायचं नाही.

देव नाही आला. परशराम आप्पा आले. मंडळाचे अध्यक्ष, निम्म्या गल्लीचे मागमालक. आक्कांचा सगळ्यात भारी पिचर त्यांच्याच नावाचा. फायनल मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवायची होती आणि आप्पांनी निपाणीहून पाहुणे बोलावलेले. नेमकी पट्टी लाल! आदल्या दिवशीची सेमीफायनल टाकून स्क्रीनवरचे आप्पा पार गळाले होते.

"आप्पा, तुम्ही दमलाय. उद्या बसा."

"दमलोय? हितं उभा हाय की धडधाकट!"

"गेममधलं दमलंय."

"अवो आक्का, त्या कंप्युटरातल्या माणसाला कसला आलाय दम?"

"माणूस खोटं हाय, पर आपल्याला सवय खरी लागत्या."

आप्पा तापले. "मला खेळवलं न्हाय तर टीम काढून घेतो बघा."

"घ्या की! खो-खोच्या एका फायनलला हेडमास्तरबी असंच म्हटले, पावणे आल्यात, पाय मुरगळलेली पोरगी पळवा. न्हाय पळवली. माझी बदली केली खानापूरला. पर पोरगी आजबी पळत्या!"

फायनलला आक्कांनी चेंडू दिला 'संत्या'ला. म्हणजे मला! टीममधला सगळ्यात कच्चा पिचर. पडद्यावर माझं नाव आलं आणि आईनं डोळेच झाकले. एका रननं हरलो. आप्पांनी पाहुण्यांसमोर टीमचा पासवर्ड मागितला. आक्कांनी दिला आणि भर मांडवात शिट्टी फुंकली. "हरलो की! पर दमल्याला पळवलं न्हाय!"

सकाळी पुन्हा फुर्रर्र! नवी टीम, शून्यापासून. पहिल्या पिचरचं नाव बघून आप्पा धावत आले.

"परत माझंच नाव?"

"गडी भारी हाय. पर खेळवायचा कवा, ते मी ठरवणार."

गेल्या थंडीत आक्का गेल्या. शिट्टी आणि टीम माझ्याकडं आली. नवीन पोरं सल्ला विचारतात, तो मी आक्कांच्याच आवाजात देतो. माझ्या आवाजात कुणी ऐकत नाही.

यंदाच्या गणपतीत, फायनलच्या आधी, आप्पा मांडवात आले. आता चार पावलांत त्यांना धाप लागते, पण ऐट तीच. म्हणाले, "संत्या, आक्काच्या आवाजात सांग की रं. उद्या मला खेळवणार काय न्हाय?"

मी पट्टी बघितली. लाल. शिट्टी फुंकली.

"आप्पा, तुम्ही दमलाय. बसा."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग शिट्टीकडं. आणि मांडवाच्या पायरीवर खरंच बसले.