असाइनमेंटचं सहावं पान

या सदरातले अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक हसूनच वाचले. आमच्या घरी असल्या गोष्टींना थाराच नव्हता. कोणी भुताचं काही सांगायला लागलं की बाबा विचारायचे, "जेवून झोपला होता की उपाशी?" मी त्यांचीच मुलगी. म्हणून हे लिहू की नको करण्यातच वर्ष गेलं...

मी नागपुरात नंदनवनला राहते, हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम बघते. चाळिशी उलटल्यावर हौस म्हणून बाहेरून एम.ए. मराठीला नाव टाकलं. आम्हाला असाइनमेंट हाताने लिहून द्याव्या लागतात — आधी वहीत कच्चं, मग फुलस्केपवर पक्कं. त्या वेळी विषय आला 'डार्क लघुकथा आणि मानवी स्वभाव'. खाली सूचना होती, स्वतःच्या पाहण्यातलं एक उदाहरण द्यावं.

उदाहरण शोधायला मला लांब जायची गरज नव्हती. सख्खी मोठी बहीण होती की माझी!

ताई सावनेरला असते. पाच वर्षांपूर्वी आई तिच्याकडे राहायला गेली आणि तिच्या बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला आणून ऑपरेशन केलं, पण मग छातीत कफ साचला आणि अठराव्या दिवशी आई गेली. त्या अठरा दिवसांत पहिला दिवस सोडला तर ताई फिरकली नाही. हो, पहिल्या दिवशी मीच तिला हॉस्पिटलच्या जिन्यात म्हटलं होतं, "तुह्यामुळं झालं हे. इथं पुन्हा पाय ठेवशील तर याद राख." पण रागात बोललेलं कोणी एवढं धरून बसतं का? आई मरायला टेकली आणि लेक येत नाही? अंत्यविधीला आली तेव्हा मी तोंड फिरवलं. त्यानंतर आमचं बोलणंच संपलं.

तर असाइनमेंटमध्ये मी हे सगळं घातलं. नाव न घेता, 'थोरली' आणि 'धाकटी' म्हणून. कथांमधली माणसं इतकी काळी का असतात? कारण माणूस मुळात तसाच असतो, रक्ताचं नातंसुद्धा सोयीपुरतं असतं, वगैरे. लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चार वर्षांचं साचलेलं होतं.

मे महिन्यातला रविवार होता. कूलर चालू, कागद उडू नयेत म्हणून वर स्टीलची वाटी ठेवलेली. दुपारी दोन ते पाच बसून कच्च्या वहीतलं बघून बघून पक्कं केलं. असावेत म्हणून पानांचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी देऊन आले. पुन्हा वाचलं काही नाही.

पंधरा दिवसांनी असाइनमेंट तपासणाऱ्या सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या सहाव्या पानानं हलवून टाकलं हो मले."

"कोणतं पान, सर?"

"ते खिडकीचं. इतका वेळ थोरलीले दोष देणारी धाकटी शेवटी स्वतःवरच बोट ठेवते. डार्क कथा म्हणजे हेच तर असते!"

मला वाटलं, सरांनी दुसऱ्याच कोणाची वाचली असणार. मोबाइलमधले फोटो काढले. सहावं पान... अक्षर माझंच. शिरोरेघ नेहमीसारखी खाली उतरलेली. आणि मधोमध हे —

'थोरली आली होती. बुधवारी दुपारी गेटबाहेर उन्हात उभी होती. हातात कडीचा डबा, डब्यात ज्वारीची आंबील. धाकटीने वरच्या खिडकीतून तिला पाहिलं आणि पडदा ओढला. ऊन उतरेपर्यंत थोरली तिथेच थांबली. मग परतीच्या बसमध्ये बसली. शेजारी एक बिनदातांची म्हातारी होती. वाटी नव्हती, म्हणून डब्याच्या झाकणातून तिने ती आंबील म्हातारीला पाजली.'

कच्ची वही काढली. त्यात यातलं एक अक्षर नव्हतं. मी तशीच खाली फरशीवर बसले.

ताईचा नंबर मी कधी डिलीट केला नव्हता. लावला. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला.

"बेबी? काय झालं वं? कोणी गेलं का?"

चार वर्षांनी माझा फोन आला, तर तिच्या मनात पहिलं हेच आलं.

"नाही वं ताई... तू आली होती का? आई ॲडमिट होती तवा, गेटपाशी?"

"आता काहून विचारून राहिली?"

"सांग नं."

"आली होती. तुले तर माहीतच आहे. खिडकीत तूच होती, हिरव्या साडीत. तू पाहिलं मले, अन् पडदा लावला."

"मले नाही आठवत वं. आईशप्पथ नाही आठवत."

"मले वाटलं, राग उतरला की बोलावशील वरती. म्हणून थांबली. ऊन लय होतं त्या दिवशी."

मग मी आंबिलीचं विचारलं. बसमधल्या म्हातारीचं, झाकणाचं.

"हे तुले कोणं सांगितलं, बेबी? मी तर तुह्या भाऊजीलेही नाही सांगितलं." आणि ती रडायला लागली. मीही. किती वेळ ते माहीत नाही.

सरांना नंतर खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, मन असं करतं. न पाहवलेलं पुरून टाकतं आणि एखाद्या दिवशी हातातून बाहेर काढतं. पटण्यासारखं आहे. खिडकीपुरतं मी ते मानलंही. पण बसचं काय? त्या बसमध्ये मी नव्हते, माझं मन कुठून असणार? वर्ष झालं, मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला असं काही झालं असेल तर जरूर लिहा.

ताई आता येते-जाते. पडदा का ओढला, असं तिने एकदाही विचारलं नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला काय काय नाही म्हटलं, आणि पानावर काय काय नाही लिहिलं...

एक गोष्ट मात्र मी ताईला अजून सांगितलेली नाही. आईची खाट त्या खिडकीला अगदी लागून होती. पडदा ओढायचा म्हणजे मला आईच्या अंगावरून वाकावं लागलं असणार. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्याने आईला बोलता येत नव्हतं. पण दुपारी ती जागी असायची, आणि मान सतत खिडकीकडे असायची.