चिपाडांचं पोतं

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून भाजीबाग करायचं ठरलं, तेव्हा शिकवायला दर रविवारी मांजरी गावाहून एक गृहस्थ यायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही 'सर' म्हणायचो, आणि दर वेळी ते दचकून मागे बघायचे.

स्कूटरवर पोतं असायचं, वाटेतल्या रसवंत्यांमधून गोळा केलेल्या चिपाडांचं. ती वाफ्यांवर पसरताना म्हणायचे, "माती उघडी ठिवू नका. उन्हानं मरती." मग चिमूटभर माती हुंगून डोळे मिटायचे. आम्ही फोटो काढायचो.

सोमवारी झाडणाऱ्या बाई ती चिपाडं कचऱ्यात टाकायच्या. तसं मीच सांगितलं होतं, सेक्रेटरी म्हणून, गलिच्छ दिसायचं. पुढच्या रविवारी ते उघड्या वाफ्यांकडे बघायचे आणि नवं पोतं सोडायचे.

मे महिन्यात सगळं करपलं. सभेत तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. ते शेवटचे आले तेव्हा गुडघ्यांवर बसून, बोटांनी माती उकरत, उरलीसुरली गांडुळं डब्यात वेचत होते.

"कुठे नेताय?" मी विचारलं.

"मीच आणली हुती न्हवं."

"शेतात सोडणार का?"

त्यांनी मान वर केली नाही. "शेतात बिल्डरचा टावर हुभा हाय. तितं बी असंच स्वच्छ हाय समदं."

डबा पायांत ठेवून त्यांनी स्कूटर सुरू केली. फाटकाशी बराच वेळ थांबले. डावीकडे वळावं की उजवीकडे, ते त्यांचं ठरत नव्हतं.