कापूस खाणारी पावडर

नव्वदच्या दशकात आमचे हे रोह्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. तिथे एन्झाइमची पावडर बनायची, जीन्सच्या कापडावरचं सूत खाऊन ते मऊ, जुनाट करणारी. नवंकोरं कापड मुद्दाम जुनं करायचं, या शहाणपणाला मी पोट धरून हसले होते. हे शिफ्टवरून यायचे ते खोकतच. सर्दी म्हणून मी काढा द्यायचे.

माझं माहेर पेणचं. बाबा शाडूच्या गणपतीच्या मूर्ती करायचे. मूर्तीला चीर जाऊ नये म्हणून कापूस भिजवून, कुटून मातीत मळतात. त्या वर्षी मी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी निघाले. वाटेत गडब गावाजवळच्या खड्ड्यांत पोट सांभाळत मी एसटीत, आणि टपावर बाबांसाठी कंपनीतला रिकामा ड्रम. रोह्यात कंपनीचा ड्रम नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. बाबांनी तो वरवर विसळला आणि त्यातच कापूस भिजत घातला.

मूर्ती सुकायला लागल्या आणि आमच्या घरच्या गणपतीचा हात खांद्यापासून निखळला. मग दुसऱ्या मूर्तीची सोंड गेली. बाबांचा हात इतकी वर्षं कधी चुकला नव्हता. मूर्ती भंगणं वाईटच, त्यात घरात पोटुशी लेक. आई नुसती माझ्या पोटाकडे बघत राहिली. तिची ती नजर मला सहन होईना. बाळ जरा शांत झालं की मी पोटावर हात ठेवून ते हलायची वाट बघत बसायचे.

हे दोन दिवसांच्या सुट्टीला आले तेव्हा बाबांनी तो मोडका हात त्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी तो चुरडून बघितला. मातीत कापसाचा एक धागा उरला नव्हता, सगळं पीठ. मग त्यांनी ड्रमच्या तळाशी बोट फिरवलं आणि हसायलाच लागले.

"देव कोपला नाय, बाबा. ही आमची पावडर हाय. कापूस खाल्लान तिनं."

"म्हंजे पोरीला काय धोका नाय?"

"नाय हो."

आईने देवापुढे साखर ठेवली. माझाही जीव भांड्यात पडला, पण फार वेळ नाही. विसळलेल्या ड्रममधल्या चिमूटभर पावडरीने ही दशा केली होती, आणि हे रोज तिच्या धुरळ्यात उभे असायचे, तोंडाला रुमाल बांधून. पेणला आल्यापासून ते एकदाही खोकले नव्हते, हेही मला तेव्हाच जाणवलं.

"अहो, तुमच्या छातीत जात असंल ना ती?"

"माणसाला नाय खात गो ती. साहेब सांगतात."

ह्यांचे सुती रुमाल लवकर विरतात म्हणून मी तोवर साबणाला शिव्या देत आले होते. दोरीवरचा रुमाल काढून मी उजेडात धरला. कडा शाबूत होत्या. तोंडावर येतो तिथे पलीकडचं अंगण दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपली. सकाळी ह्यांनी तोच रुमाल घडी करून खिशात घातला आणि हे शिफ्टला गेले.