मालगोदामाच्या दारातला तळहात

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असे म्हणणार नाही. या सदरात आमच्या मालगोदामाविषयी दोन पत्रे छापून आली नसती, तर मी लेखणी उचललीही नसती. पण दोन्ही लेखकांनी जे लिहिले ते साफ खोटे आहे. ‘आगीत हमाल जळून मेला आणि त्याचा आत्मा तेथे फिरतो’ म्हणे! त्या आगीत कोणीही मेले नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या गोदामाचा गुड्स क्लार्क मी होतो.

अचलपूरच्या नॅरोगेज लाइनीवरचे ते लहान स्टेशन. फलाटाच्या टोकाला आमचे गोदाम: काळ्या दगडाचे जोते, वर सागवानी कैच्या आणि पत्रा. पूर्वेच्या दाराशी डाव्या हाताला भिंतीत एक देवळी. कापसाच्या हंगामात आत जाणाऱ्या प्रत्येकाने बिडी-काडी त्या देवळीत ठेवायची, हा हमालांनीच पाडलेला दंडक. किसन मुकादम दारात तळहात पसरून उभा राहायचा. व्यापारी असो की गाडीवान, तो एवढेच म्हणायचा, “काडीपेटी.” त्याचे एक बोट कापसाच्या गाठीच्या लोखंडी पट्टीत सापडून कायमचे वाकडे झालेले होते.

मी चोवीस वर्षांचा, नवा, इस्त्रीच्या कपड्यातला. हमालाने माझ्यापुढे हात पसरावा, याचा मला संताप यायचा. एका दुपारी हातात पेटलेली सिगारेट असताना मी त्याला बाजूला सारून आत गेलो. अर्ध्या तासाने गाठींच्या थप्पीतून धूर निघू लागला. किसनने उघड्या हातांनी गाठी ओढून बाहेर काढल्या, म्हणून इमारत वाचली. त्याच संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला – आग मुकादमाच्या बिडीने लागली. माझे अक्षर सुंदर होते, भाषा त्याहून सुंदर. किसनला पुन्हा गोदामात पाऊल ठेवू दिले नाही. मरेपर्यंत तो वीटभट्टीवर राबला.

आता अमरावतीच्या काही मंडळींनी ते गोदाम जतन करायला घेतले आहे. चुन्याने दगडांमधल्या दरजा भरल्या, कैच्या घासून काढल्या, आणि दर्शनी भिंतीवर इतिहासाची पाटी लावायचे ठरवले. पाटीच्या मसुद्यात माझा रिपोर्ट जसाच्या तसा उतरला होता. तो वाचून किसनची मुलगी वनिताबाई वलगावहून माझ्या घरी आली.

“बाबूजी, माया बाप तमाखू खाये. बिडी त्यानं कधी तोंडालेच लावली नाही. तुमाले तं मालूम हाये.”

“कागदावर जे आहे ते आहे, बाई,” मी म्हणालो. चहासुद्धा विचारला नाही.

त्यानंतर आठवड्याभराने, भर दुपारी बाराच्या सुमारास, वजनाचा काटा कुठे होता, गाठी कुठे रचत, हे दाखवायला मी गोदामात गेलो. मृणाल नावाची तरुण वास्तुतज्ज्ञ माझे बोलणे फोनवर रेकॉर्ड करत होती. मोजमापाची टेप आणायला ती गाडीकडे गेली. फोन दाराच्या उंबऱ्यावर तसाच चालू राहिला. मी पूर्वेच्या दारातून आत जाऊ लागलो... आणि पाऊल उचलेना. छातीसमोर एक तळहात होता. काळा, घट्टे पडलेला, एक बोट वाकडे. मनुष्य नाही – फक्त हात. किती वेळ, सांगता येत नाही. मी तोंडातून अवाक्षर काढले नाही, हे मात्र शपथेवर सांगतो.

मृणाल परतली तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. तिने रेकॉर्डिंग लावले.

“काका, हे कोण बोलतंय?”

फोनमधून एक उर्मट, खणखणीत आवाज आला – “बाजूला हो! मला विचारणारा तू कोण?”

ते माझेच वाक्य होते, त्या दुपारी किसनला सुनावलेले. आवाजही माझाच. पण माझ्या या ऐंशी पार केलेल्या, दम लागणाऱ्या गळ्याचा नव्हे.

तेथेच मी मृणालला सर्व सांगितले. तिने ते गोदाम जतन करणाऱ्या समितीपुढे ठेवले. सेक्रेटरी हसून म्हणाले, “काका, वय झालं तुमचं. एवढा स्पष्ट रिपोर्ट आहे की! आता उगीच दुसऱ्याचं अंगावर कशाला घेता?” जन्मभर मी लोकांचे म्हणणे खोडत आलो. माझे स्वतःचे मला खोडता आले नाही.

मग मी वलगावला गेलो. वनिताबाईने उभ्यानेच ऐकून घेतले.

“इथवर आले, एवढं बरं केलं. पण मले सांगून काय होते, बाबूजी? मले तं पयलेच मालूम होतं. गावाले सांगा.”

तिनेही चहा विचारला नाही.

परवा पाटी लागली. समितीने मधला मार्ग काढला आहे: ‘आगीचे कारण अज्ञात.’ म्हणून हे पत्र, आणि संपादकांनी ते काटछाट न करता छापावे. आगीचे कारण अज्ञात नाही. ते मी आहे. त्या फोनमध्ये माझा चोवीस वर्षांचा आवाज कोठून आला, एवढेच काय ते अज्ञात आहे.