माश्यांचा सेनापती

म्वातेलाला त्या लढाईबद्दल कुणी विचारलं की तो आधी बूड टेकायला जागा शोधायचा. उभ्यानं सांगण्याएवढा दम आता राहिला नव्हता. साठी उलटलेली, झाडं चढून चढून गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या, आणि विचारणारा नवा असला तरी गोष्ट तीच. दोन वर्षं तीच.

तांगा बंदराच्या पुढं, रास कासोनेच्या टोकाकडे, त्याचे बत्तीस ओंडके टांगलेले होते. खोड आतून कोरून पोकळ करायचं, दोन्ही तोंडांना फळकुटं ठोकायची, मधमाशी शिरेल एवढं भोक ठेवायचं आणि काथ्याच्या दोरानं गोरखचिंचेच्या फांदीला आडवं बांधायचं. बाकीचं माशी बघून घेते. प्रत्येक ओंडक्यावर तीन रेघा आणि एक फुली कोरलेली. ती त्याच्या मामाची खूण. म्वातेला दिगो जमातीचा; दिगो माणसाला बापाकडून नाव मिळतं, मालमत्ता मिळते ती मामाकडून. मामाचे ओंडके म्वातेलाकडे आले, त्याच्यामागं ते भाच्याकडे जायचे.

गावावर तेव्हा जर्मनांचं राज्य होतं. मग एका सकाळी समुद्रावर धुराची रांग दिसली. इंग्रजांची गलबतं. त्यांचा एक सायब पांढरं निशाण लावून बंदरात आला, गाव आमच्या ताब्यात द्या म्हणाला आणि परत गेला. असं आधी सांगून सवरून कुणी दरोडा घालतं का, असं तेव्हा म्वातेलाची बायको म्वानाशा म्हणाली होती. तेवढ्या वेळात जर्मनांनी डोंगराकडून आगगाडीनं आपले आस्करी शिपाई आणून उतरवले. इकडं गलबतांतून हिंदुस्थानची फौज उतरली ती तिवरांच्या चिखलात. महिनाभर समुद्रावर ओकून ओकून अर्धमेली झालेली माणसं. कित्येकांना सरळ उभं राहवत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं, चला, गाव घ्या.

गाव काही घेतलं गेलं नाही. भर दुपारी गोळ्या सुटल्या आणि म्वातेलाचे ओंडके पाडाच्या नारळासारखे फुटायला लागले. माश्यांनी इंग्रज पाहिला नाही की जर्मन. जो हलला त्याला डसल्या. आस्करीसुद्धा बोंबलत पळाले, पण त्यांना पळायला गाव होतं. दुसऱ्यांना समुद्रच होता. दुसऱ्या दिवशी सगळी फौज गलबतांत चढून निघून गेली. मागं राहिल्या बंदुका, घोंगड्या, काडतुसांच्या पेट्या आणि मेलेली माणसं.

म्वातेला तेव्हा कसाव्याच्या शेतातल्या चरात पालथा पडलेला, डोक्यावर ओलं फडकं. संध्याकाळी ओंडके बघायला म्हणून गेला तर तिवरांच्या मुळांत एक शिपाई सापडला. तोंड सुजून भोपळा झालेलं, डोळे मिटलेले. म्वातेलानं सुरीच्या पाठीनं त्याच्या गालावरचे काटे खरवडून काढले. चिमटीत धरून ओढायचे नसतात, ओढले की विष आत पिळलं जातं. शिपाई एकच शब्द बोलत होता, पानी. तो शब्द म्वातेलाला हिंदुस्थानी वाण्याच्या दुकानातून माहीत होता. त्यानं शहाळं फोडून दिलं. सकाळी शिपाई तिथं नव्हता.

बत्तीसातले एकवीस फुटले. उरलेल्या अकरांतून माश्या उठून गेल्या. सगळ्या रानाला बंदुकीच्या दारूचा वास. म्वातेला रोज जाऊन रिकाम्या ओंडक्यांना कान लावून यायचा. मधल्या काळात जर्मन गेले, इंग्रज आले, ह्या वेळी बिनबोभाट. आणि ह्या मोसमात नऊ ओंडक्यांत माशी परतली. म्वातेलानं ते म्वानाशाखेरीज कुणाला सांगितलं नाही.

घोळ झाला तो बाजारात.

सेचांबो काथ्याचे दोर वळायचा. म्वातेलाचा प्रत्येक ओंडका त्याच्याच दोरावर लटकलेला. हा सेचांबो झिगुआ जमातीचा, आणि झिगुआंचं दिगोंशी मस्करीचं नातं, पणज्यांच्या पणज्यांपासून. झिगुआनं दिगोला वाटेल ते बोलावं, दिगोनं रागवायचं नाही. नाही असं म्हणायचंही नाही. म्हटलं की हरला. वरचढ बोलायचं, बस. मयतीलासुद्धा झिगुआ येऊन मेलेल्याची टर उडवणार आणि त्याच हातांनी कबर खणणार. तीस वर्षांत ह्या दोघांनी एकमेकांशी एक सरळ वाक्य बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी सेचांबो ओरडला, "वाट सोडा रे, सेनापती आले. ह्यानं इंग्रजांचं आरमार पळवलं, पण बायकोला चुलीपुढनं उठवायची ह्याची छाती नाही."

म्वातेला थकलेला होता. पण बाजार बघत होता.

"आरमार तुझ्या दोरानं पाडलं, झिगुआ," तो म्हणाला. "ओंडक्या-ओंडक्याला एकेक दोर लावला होता. शिपाई आला की ओढायचा. तुझा दोर जन्मात एकदाच तुटला नाही, तो त्या दिवशी."

बाजार हसला. हसणाऱ्यांत नव्या सरकारचे कान होते.

तिसऱ्या दिवशी म्वातेलाला कचेरीत बोलावणं आलं. टेबलामागं एक तरुण कप्तान, तापानं पिवळा पडलेला. शेजारी दुभाष्या सुलेमान, झांजिबारचा. खिडक्यांना गाव लोंबकळलेलं.

"सायब म्हणतो," सुलेमान म्हणाला, "तू दोर बांधून माश्या फौजेवर सोडल्यास. चारचौघांत कबूल केलंस. ओंडके सगळे जाळायचे. आणि तुला पलटणीबरोबर आतल्या मुलखात ओझी वाहायला पाठवायचं."

ओझी वाहायला गेलेले परत येत नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्वातेलाला त्याचं फार काही वाटलं नाही. मरायचं ते इथं काय, तिथं काय. पण नऊ ओंडके.

"ती मस्करी होती, बाबा," तो म्हणाला. "तो सेचांबो झिगुआ, मी दिगो. तुला तरी कळतं ना?"

सुलेमानला कळत होतं. सांगता येत नव्हतं. त्यानं दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला.

"सायब, हे दोघं एकमेकांना शिव्या देतात, कारण ह्यांचं पटतं."

"आणि पटलं नसतं तर?" कप्तानानं विचारलं.

"तर नीट बोलले असते."

कप्तानानं डोळे चोळले. "दोरवाल्याला आणा."

सेचांबो आला. खांद्यावर नेहमीसारखा काथ्याचा गुंडा. खिडकीतले चेहरे आधीच हसायच्या तयारीत. हा आता काय बोलेल ते म्वातेला तीस वर्षांच्या अनुभवानं सांगू शकला असता. माश्यांना ह्यानं कवायत शिकवली, सायब, राणीमाशीला बिल्ला दिला. गाव हसेल, आणि ओंडके जळतील. दुसरं काही तो बोलणार कसा? सगळ्यांसमोर सरळ बोलायचं म्हणजे नातं मोडायचं, आणि ते एकट्याचं नव्हतं, दोन जमातींचं होतं.

"दोर तुझा?" सुलेमाननं विचारलं.

"माझा."

"कशासाठी?"

सेचांबोनं गुंडा खाली ठेवला. म्वातेलाकडे बघितलं नाही.

"टांगण्यासाठी," तो म्हणाला. "दुसऱ्या कशासाठी नाही. हा त्या दिवशी चरात पडला होता. मी त्याच्या शेजारी होतो. भीतीनं आम्ही दोघंही कपड्यात मुतलो. माश्या आपणहून उठल्या, गोळ्यांनी. ह्याचे एकवीस ओंडके गेले. हा त्या झाडांखाली बसून रडला, मी पाहिलंय. ह्यानं कधी कुणाचं वाईट केलं नाही. म्वातेला चांगला माणूस आहे."

खिडकीत कुणी हसलं नाही. एक म्हातारी तोंडावर पदर ओढून निघून गेली.

सुलेमाननं ते सगळं सायबाला सांगितलं. ह्या वेळी त्याला कुठं अडलं नाही. कप्तानानं कागदावर आडवी रेघ मारली आणि हातानं दोघांना जायला सांगितलं. त्याचा घाम टेबलावर पडत होता.

बाहेर ऊन होतं. दोघं बंदराच्या वाटेनं बरोबर चालले, कारण वाट एकच होती. म्वातेलाला वाटलं, आत्ता हा काही तरी वेडंवाकडं बोलेल. वडाच्या वळणावर सेचांबो थांबला.

"सांभाळून जा," तो म्हणाला, आणि आपल्या वाटेला लागला.

घरी म्वानाशानं नारळाच्या दुधातला मासा वाढला. "ओंडके राहिले म्हणतात."

"राहिले."

"मग तोंड असं का?"

"त्यानं मला चांगला माणूस म्हटलं."

म्वानाशाचा हात थांबला. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला, आजाऱ्याला घालावा तसा.

माशी टिकली. पावसाच्या आधी नऊचे अकरा झाले आणि म्वातेलाला नवे ओंडके टांगायला दोर लागला. दोन बाजार त्यानं चुकवले. तिसऱ्याला गेला. सेचांबो झाडाखाली बसला होता. आजूबाजूचे विक्रेते एकदम आपापल्या मालाकडे बघायला लागले.

"हा घे," सेचांबो म्हणाला. "पक्का आहे."

म्वातेलानं दोर ताणून बघितला. पक्का होता. आता बोलायची पाळी त्याची होती. बापावरून, बायकोवरून, झिगुआंच्या भोपळ्याएवढ्या डोक्यांवरून, तीस वर्षांचा साठा होता. तो तोंडात घोळवत राहिला. प्रत्येक शिवी जिभेवर आली की खरीच शिवी वाटायला लागे, आणि ह्या माणसाला ती देववेना.

"बरा आहेस ना?" त्यानं विचारलं.

"बरा आहे," सेचांबो म्हणाला, आणि मांडीवर दुसरा दोर वळायला घेतला.