बंद कपाटाचे वामनराव

वामनराव गेल्याचं मला शाळेत कळलं. चौथीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते, तेवढ्यात वाचनालयाचा शिपाई सुखराम वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मी वैतागून म्हटलं, "काय रे सुखराम, तासाच्या मधेच?" तो धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाला, "बाई, मामाजी चल बसे." एवढंच बोलला आणि गेला. मी मुलींना म्हटलं, "पुढचं वाक्य लिहा," आणि पुढचं वाक्य सांगितलंच नाही... मुली बिचाऱ्या टाक दौतीत बुडवून बसून राहिल्या.

त्याला आता पाच आठवडे झाले. शोकसभा झाली, हार झाले. जिवंतपणी ज्यांनी वामनरावांना कधी बसा म्हटलं नाही, त्यांनी उभं राहून त्यांना ज्ञानयोगी ठरवलं. मला बोलायला कोणी सांगितलं नाही, ते बरंच झालं. मात्र या पुरवणीचे संपादक म्हणाले, "बाई, तुम्ही बारा वर्षं त्यांच्याबरोबर होतात, लिहा." तर लिहिते. पण गोड गोड लिहायचं मला जमणार नाही. वामनराव एका लहान मुलीचं मरण आपल्या माथी घेऊन सात वर्षं जगले आणि तसेच गेले. ते ओझं त्यांचं नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. ते आज इथे उघडते आहे.

आमचं वाचनालय म्हणजे गोंदियाच्या स्टेशनाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावरचं दोन खोल्यांचं कौलारू घर आणि पुढे पडवी. आतल्या खोलीत पुस्तकांची कपाटं, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांचं लांब मेज. वामनराव तिथले ग्रंथपाल, आणि तिथले झाडूवालेही, कारण सुखराम अर्धा वेळ समितीच्या लोकांच्या घरच्या कामाला. माणूस मूळचा केशोरीकडचा, धानाच्या बांध्यांतून वर आलेला. शिकून शहाणे झाले तरी बोली सुटली नव्हती. मी वर्ध्याची, पांढऱ्या पायाची म्हणून सासरहून परत पाठवलेली आणि मग मास्तरीण झालेली. पहिल्याच दिवशी मी कपाटातलं पुस्तक उघडून तिथेच उभी राहून वाचायला लागले, तर मागून आवाज आला, "बाई, उभ्यानं कायले वाचून राहिल्या? पाय काय सरकारचे हायेत?" आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. त्या दिवसापासून आमचं जमलं. भांडणंही खूप झाली, पण जमलं.

मुलांचं वाचन ही त्यांचीच कल्पना. दर रविवारी दुपारी पडवीत सतरंजी अंथरायची आणि येईल त्या मुलाला बसवायचं. आधी वामनराव एक गोष्ट वाचून दाखवत, आणि वाघ झाडाखाली येऊन उभा राहिला की पुस्तक मिटून टाकत. मुलं ओरडायची, "मामाजी, आगे क्या हुआ?" हे शांतपणे म्हणायचे, "पुढचं तुमी वाचा. माह्या घशाले कोरड पडली." मग कपाट उघडायचं आणि मुलं पुस्तकं घरी न्यायची. फाटलेली पानं चिकटवायला ते घरून भाताच्या पेजेची खळ करून आणत, झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालत, त्यामुळे त्यांची बोटं कायम निळसर. मी चिडवायची, "वामनराव, देवाचा निळा रंग बोटांपर्यंतच पोचला का?" ते म्हणायचे, "बाकीचा भाग समितीनं मंजूर नाई केला."

रेल्वेच्या रुळांपलीकडे बिडीवाल्यांचा मोहल्ला. तिथली मुलं पडवीत यायला लागली आणि समितीच्या पोटात दुखायला लागलं. पुस्तकांना तंबाखूचा वास येतो, पानांवर पिवळे डाग पडतात, आणि मुख्य म्हणजे ही मुलं पुस्तकं बुडवतील. एक पुस्तक हरवलं तर मुलांचं कपाटच बंद करू, असं बजावलं गेलं. तेव्हा वामनरावांनी एक नियम काढला. मोहल्ल्यातलं एक जरी पुस्तक रविवारी परत आलं नाही, तर त्या रविवारी साऱ्या मोहल्ल्याला पुस्तक नाही. मला तो कठोर वाटला होता. पण काय सांगू, तो चालला! शनिवारपासूनच मुलं एकमेकांच्या दारात उभी राहायची, "ए, तुझं झालं का?" आयाबाया चुलीवरची भाजी टाकून घरात पुस्तक शोधायच्या. एकही पुस्तक हरवलं नाही. समितीची तोंडं बंद झाली. वामनराव किती खुश होते त्या दिवसांत... चालताना गुणगुणायचे.

त्या मोहल्ल्यातली तुळसा नावाची एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. तिची आई रुखमा दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची आणि तुळसा तिच्यापुढे बसून मोठ्यानं वाचायची. रुखमा एकदा पडवीत येऊन म्हणाली होती, "मामाजी, पोरगी वाचून राहिली की हात आपोआपच चालते, दुखतच नाई." हे ऐकून वामनराव आत जाऊन कपाट उगीचच आवरत बसले. त्यांना रडू आलं होतं, मला दिसलं.

लढाई सुरू होण्याच्या आधीचा उन्हाळा होता. गावात देवी आल्या होत्या. लस टोचणारा येतो असं कळलं की मोहल्ल्यातल्या बाया मुलं लपवायच्या. त्यांच्या लेखी देवी म्हणजे माता, ती घरी आली की तिला रागवायचं नसतं, टोचायचं तर नसतंच. त्या रविवारी वामनराव समितीच्या बैठकीला गेले होते आणि पडवीत मी एकटी होते. उकाडा मरणाचा, मुलांचा कल्ला, माझं डोकं उठलेलं. यमुना नावाच्या मुलीची आजी आली. ती पायरी चढली नाही. खालूनच तिनं फडक्यात बांधलेलं पुस्तक पडवीच्या कडेवर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, यमुनाले माता निंगाली. मी आत नाई येत. पुस्तक पोचलं म्हनून लिवून घ्या, नाई त पोरं हात हलवत जातीन." मी फडकं सोडलं. पानांत कडुलिंबाचा डहाळा होता, कोपऱ्यावर हळद. मी डहाळा उचलून खाली टाकला.

आणि तुळसा तिथेच उभी होती. ते हत्तीचं चित्र असलेलं पुस्तक तिला तीन रविवार हवं होतं. "बाई, द्या ना आता. बाई, माहा नंबर हाय." माझ्या मनात आलं होतं, हे उन्हात ठेवावं, आज देऊ नये. खोटं कशाला बोलू, नक्की आलं होतं. पण ती ऐकेना, मागची मुलं ढकलत होती, आणि मी म्हटलं, "घे बाई, घे, आणि जा एकदाची." तिनं ते छातीशी धरलं आणि पळत गेली.

पंधरा दिवसांत तुळसा गेली. यमुना वाचली, चेहराभर वण घेऊन.

वामनरावांनी नोंदवही काढली. यमुनाकडून आलेलं पुस्तक त्याच दिवशी तुळसाला गेल्याचं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी त्या ओळीवर निळं बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाई, पोरीच्या उशापासलं पुस्तक म्हातारीनं काऊन आनलं? माह्या नियमासाठी आनलं. मी मारली त्या लेकराले." मी म्हटलं, असं काही नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहून सरळ विचारलं, "म्हातारीनं काही सांगतलं होतं का? घरी माता हाय म्हनून?"

मी म्हटलं, "नाही."

शाळेच्या मंडळावर वाचनालयाच्या समितीचीच माणसं होती. मी विधवा, एकटी, पाठीशी कोणी नाही. नोकरी गेली असती तर मी वर्ध्याला भावाच्या दारात भाकरीसाठी उभी राहिले असते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही मला आज पुरत नाही. एका शब्दाचं काम होतं. "हो, सांगितलं होतं, आणि तरी मी दिलं." मग ते माझ्यावर ओरडले असते, कदाचित मला पडवीत पाय ठेवू दिला नसता. पण मुलांचं कपाट बंद झालं नसतं. कारण नियम वाईट नव्हता. म्हातारीनं आपलं काम चोख केलं होतं, पायरीसुद्धा चढली नव्हती ती. चुकले मी.

त्यांनी कपाटाला कुलूप घातलं. पुस्तकं जाळा असं समिती म्हणाली, तेव्हा मात्र म्हणाले, "पुस्तकाचा काय दोष?" आणि किल्ली जानव्याला बांधली. पुढचे काही रविवार मुलं येऊन पडवीसमोर उभी राहिली. वामनराव आत दार लोटून बसायचे. हळूहळू मुलं यायची थांबली आणि सतरंजी वाळवीनं खाल्ली. लढाईच्या काळात मोठ्यांची गर्दी वाढली, वर्तमानपत्रांवरून हमरीतुमरी व्हायची, हिटलर कुठवर आला ते सगळ्यांना पाठ. वामनराव त्या गोंगाटात खाली मान घालून पुस्तकं चिकटवत असायचे. माझी थट्टा त्यांना ऐकूच येईना. एकदा मी म्हटलं, "वामनराव, पुन्हा सुरू करू या. आता रोगराई नाही." ते म्हणाले, "बाई, कोण्या तोंडानं त्या मोहल्ल्यात जाऊ?" तिथेच मी बोलायला हवं होतं. ओठांवर आलं होतं... मी खळीचं भांडं धुवायला उठून गेले.

शेवटी त्यांना जलोदर झाला. पोट हे एवढं, हातपाय काड्या. जायच्या चार दिवस आधी मी भेटायला गेले. भाच्यानं उशी लावून बसवलं होतं. मला म्हणाले, "बाई, तुळसा आता लग्नाची झाली असती." मी मान हलवली. म्हटलं, मरणाच्या दारातल्या माणसाला आता काय त्रास द्यायचा! पाहिलंत, तेव्हासुद्धा मी स्वतःला दयाळू ठरवून घेतलं. निघताना ते म्हणाले, "तुमी होत्या म्हनून निभलं." ते वाक्य मी कुठे ठेवू, मला कळत नाही.

तेराव्यानंतर समितीनं कुलूप तोडलं. मला वाटलं होतं, आत वाळवीचं वारूळ असेल. पण एकूणएक पुस्तक जागेवर होतं, नव्या कागदाची वेष्टणं घातलेली, पाठी पुन्हा शिवलेल्या. सात वर्षं हा माणूस कोणी नसताना कपाट उघडून, न येणाऱ्या मुलांची पुस्तकं दुरुस्त करत होता. मी पडवीत येऊन बसले. पायरीवर एक बाई बसली होती, हातात चार झेंडूची फुलं. आत जाऊ की नको अशा विचारात असावी. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मी रुखमा, बाई. तुळसाची माय."

मग मला आवरलं नाही. म्हातारी काय बोलली, डहाळा, उन्हात ठेवायचं मनात आलं होतं ते, सगळं मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, "रुखमाबाई, तुझी मुलगी मी मारली. वामनरावांनी नाही." तिनं ऐकून घेतलं. रडली नाही. फुलं पदरात ठेवली आणि म्हणाली, "पुस्तकानं कायची मरन, बाई? यमुनाच्या घरी माता आली त मीच तुळसाले घेऊन गेलती, मातेले पानी घालाले. पाया पडवली तिले, यमुनाच्या हातचा परसाद खाऊ घातला. रविवारच्या चार दिवस आधीच. सारा मोहल्ला जाते, नाई गेलं त मातेचा कोप होते."

मी म्हटलं, "मग हे तू वामनरावांना का नाही सांगितलंस?"

"कोनं विचारलं आमाले? ते त आलेच नाई मंग मोहल्ल्यात. आमाले वाटलं, आमची पोरगी मातेनं मेली म्हनून पुस्तकं बाटले. म्हनून कुलूप लावलं, आमच्या पोरायनं हात नाई लावावा म्हनून. मंग आमी बी नाई आलो. पोरं बसले बिड्या वळाले." मग तिनं विचारलं, "मंग त्यायनं कायच्यासाठी लावलं होतं कुलूप?"

मी सांगितलं. तुळसाला आपणच मारलं असं ते समजत होते, सात वर्षं, शेवटच्या दिवसापर्यंत.

 रुखमा उठली, फुलं पायरीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी एक डाव माह्या घरी आल्या असत्या, बाई. रूळ त ओलांडाचे होते."